ठळक डिझाइनचं कापड आणि घरची शिलाई

श्रोतेहो, नमस्कार.

गौरी-गणपतीच्या खरेदीला सांगलीच्या कापड पेठेत गेलं की एक दृश्य हटकून दिसतं. दुकानदार ठाण उलगडतो, त्यावर ताटाएवढाली फुलं. समोरची बाई कापडावरून हात फिरवते, ‘काय सुंदर आहे हो’ म्हणते, आणि शेवटी बारीक बुट्टीचं कापड पिशवीत घालून बाहेर पडते. का, तर एवढं मोठं डिझाइन आपल्याला कुठं शोभायला!

मला हे पटत नाही. वाईट दिसतं ते भलत्या जागी बसलेलं डिझाइन. टेलरला कापड वाचवायचं असतं, दिलेली तारीख गाठायची असते. कुठलं फूल कुठं येतंय हे बघत बसायला त्याला सवड नसते, त्यात त्याचंही चुकत नाही. म्हणून असं कापड घरच्या मशीनवर शिवावं. काय शिवायचं? गुडघ्याखाली येणारा साधा ए-लाइन, म्हणजे वरून खाली पसरत जाणारा, वनपीस.

साधाच का? फिनलंडमध्ये 1951 साली मारिमेक्को नावाची कंपनी निघाली. त्यांची छपाई इतकी ठळक, की या कापडाचं करायचं काय हे लोकांना कळेना. मग त्यांनी त्याचे कपडे शिवून हेलसिंकीत फॅशन शोच केला. 1964 साली माइया इसोला यांनी त्यांच्यासाठी काढलेलं पॉपीचं भलंमोठं फूल आजही छापलं जातं. ते जुने ड्रेस बघा, सरळ, सैलसर, कमीत कमी जोडांचे. प्रत्येक टक, प्रत्येक कळी म्हणजे फुलावर फिरलेली कात्री. प्रिन्सेस कट आणि कमरेच्या चुण्या प्लेन कापडासाठी राहू द्यात.

दुकानातच टेप काढा. एका फुलापासून तेच फूल पुन्हा येतं तिथपर्यंत उभं मोजा. याला रिपीट म्हणतात. कापड रोटरी मशीनवर छापलेलं असेल तर हे अंतर बहुधा 64 सेंटिमीटर, नाहीतर त्याच्या निम्मं किंवा तिसरा हिस्सा भरतं, कारण छपाईच्या नेहमीच्या रोलरचा घेरच तेवढा असतो. एरवी 44 इंची पन्ह्यात तुम्हाला अडीच मीटर पुरत असेल, तर 64 सेंटिमीटरच्या रिपीटला सव्वातीन मीटर घ्या. घासाघीस भावात करा, मीटरमध्ये नको. आणि कापड उलटं धरूनही बघा. देठ खाली, पाकळ्या वर असं एकाच दिशेचं डिझाइन असेल तर भाग उलटसुलट ठेवून कापड वाचवता येत नाही. पाठीवरची फुलं डोक्यावर उभी राहतील!

सुती कापड आधी भिजवून वाळवा, आटायचं ते आटून जाऊ दे. ओल्या पांढऱ्या फडक्यानं कोपरा चोळून रंग सुटतो का तेही बघा. रेयॉन सुळसुळतं, त्याला हलकी खळ दिली की कापताना सरकत नाही.

आता बेतणं. खरं काम हेच. हॉलमधली टीपॉय बाजूला करा आणि कापड एकेरी, सुलटी बाजू वर करून फरशीवर पसरा. घडी घालून दोन्ही पदर एकदम कापायचे नाहीत, खालच्या पदरात काय चाललंय ते दिसतच नाही. पेपर कटिंगही अर्धं नको, पूर्ण भागाचं काढा, आणि बटर पेपरवर काढा, म्हणजे खालचं डिझाइन दिसतं. त्यावर मध्यरेघ, छाती, कंबर आखा आणि कागद उभ्या धाग्याला सरळ ठेवून वर-खाली, डावी-उजवीकडं सरकवत राहा. छातीवर दोन्ही बाजूंना एकेक गोल फूल येऊ देऊ नका. जास्त सांगत नाही, तुम्हाला समजलं. पोटाच्या मध्यावर एकटं फूलही नको. एका खांद्यापासून उतरणारं किंवा खाली घेरावर पसरलेलं डिझाइन मला आवडतं. खणाची चोळी बेतताना काठ बाहीच्या टोकाला यावा म्हणून आपल्या आज्या जेवढा वेळ घालवायच्या, तेवढा इथं घालवा. पटलं नाही तर चहा घेऊन या, पुन्हा बघा.

मागचा भाग बेतताना बाजूचा जोड डोळ्यांसमोर ठेवा. डिझाइन जुळवायचं ते शिलाईच्या रेघेवर, कापडाच्या कडेवर नाही. कडा जुळवल्या तर शिवल्यावर मधला भाग आत जातो आणि फूल तुटतं. ए-लाइनची बाजू तिरकी असते, त्यामुळं सगळंच तंतोतंत जुळणार नाही, पण दोन्हीकडची फुलं एका पातळीत यायला हवीत.

जोड असा घाला. पुढच्या भागाची शिलाईची कड आत दुमडून इस्त्री करा. ती दुमड मागच्या भागाच्या शिलाईच्या रेघेवर ठेवा. दोन्ही कापडं सुलटीच. फुलं समोरासमोर येईपर्यंत सरकवा, टाचण्या लावा. मग सुई एकदा दुमडीच्या आतून, एकदा खालच्या कापडातून नेत कच्चा दोरा घाला. आता कापड उलटं करून दुमड उघडा आणि त्या दोऱ्यावरूनच मशीनची टीप मारा. काम किचकट आहे, पण कापड तसूभर हलत नाही.

चेन टाळा, ती पाठीवरचं फूल दुभंगते. त्यापेक्षा गळाच डोक्यातून सहज जाईल एवढा ठेवा आणि त्याला प्लेन कापडाची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावा. दोरा कापडाच्या जमिनीच्या रंगाचा घ्या. खालचा घेर हातानं दुमडा, फुलांवरून आडवी गेलेली मशीनची टीप लांबूनही दिसते.

आणि खिसा हवाच. वरून लावायचा असेल तर उरलेल्या कापडात तेच फूल शोधा, लावायच्या जागेवर ठेवून पाकळीला पाकळी जुळवा, चारी बाजूंनी दुमडीपुरतं जास्त ठेवून कापा. नीट बसला, तर तुम्ही त्यात हात घालेपर्यंत तिथं खिसा आहे हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

नमस्कार.