पुटावर पूट : वेंगुर्ल्याच्या एका घरातला वैशाख

कोकमाची सोले कशी घडतात ते दाखवणाऱ्या या चित्रफितीतल्या, वेंगुर्ले तालुक्यातल्या घराचा उन्हाळ्यातला दिवस विहिरीवर सुरू होतो. सकाळचे साडेसहा वाजले आहेत, ऊन अजून माडांच्या शेंड्यांवरच आहे, आणि आजी पंप सुरू करण्याआधी कठड्यावरून वाकून पाणी पाहत आहेत. विहीर जांभ्या चिऱ्यांनी बांधलेली असल्यामुळे त्यांना वेगळी मोजपट्टी लागत नाही. पाण्याच्या वर चिऱ्यांचे किती थर उघडे पडले आहेत, यावरून त्या दिवशीचे शिंपणे किती वेळ चालायचे ते ठरते. आज अकरा थर उघडे आहेत. म्हणजे पंप पाऊण तास चालेल आणि पोफळींना उद्यापर्यंत थांबावे लागेल.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही मे महिन्यात पाणी असे मोजून वापरावे लागते, याचे बाहेरच्या माणसाला नवल वाटते. हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, जांभ्याच्या सच्छिद्र थरांतून झिरपतो आणि उताराने समुद्राकडे निघून जातो. म्हणून परसातल्या झाडांच्या बुंध्याशी जी आळी दिसत आहेत, त्यांत माती कुठेच उघडी दिसत नाही. तिच्यावर आंब्या-फणसाच्या वाळक्या पानांचा, इथल्या भाषेत पातेऱ्याचा, वीतभर जाड थर पसरलेला आहे. धाकट्या नातवाने तो हाताने बाजूला सारल्यावर खालची ओल आणि तिच्यात वळवळणारी गांडुळे कॅमेऱ्यासमोर आली, ती कोणी मुद्दाम दाखवली नव्हती.

न्हाणीघराच्या मागून निघणारी ही अरुंद सारण, म्हणजे पाण्याचा पाट, लक्षपूर्वक पाहावी. घरातली नऊ माणसे सकाळी आंघोळ करतात, तेव्हा ते पाणी आधी अळवाच्या वाफ्यात, तिथून केळींच्या बुडाशी आणि शेवटी अबोलीच्या ओळीपर्यंत पोहोचते. या तीन पिकांसाठी विहिरीचे पाणी सहसा खर्च होत नाही. कोकणातल्या जुन्या घरांत ही सोय जवळपास सर्वत्र होती. आता नवे बांधकाम करताना न्हाणीचे पाणी पाइपातून शोषखड्ड्यात सोडले जाते आणि त्याच घराच्या पुढच्या बाजूला कुंड्यांतल्या शोभेच्या झाडांना नळीने पाणी घातले जाते, हे दृश्य आम्ही वाटेत दोन ठिकाणी पाहिले.

लाल माठाचे दोन वाफे आजींनी पंधरा दिवसांच्या अंतराने पेरले आहेत, म्हणजे एक उपटून संपेपर्यंत दुसरा हाताशी येतो. पेरल्यापासून महिन्याभरात ही भाजी तयार होते. तिला इथे तांबडी भाजी असेच म्हणतात. पलीकडे वालीचे वेल आहेत, चार मिरच्या आहेत, आणि गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधाला, लागून, कोणी न लावता उभी राहिल्यासारखी दिसणारी, कोकमाची दोन झाडे आहेत. या चित्रफितीचा खरा विषय तीच आहेत.

कोकमाच्या फळाला इथे रतांबा म्हणतात, गोव्याकडे वळले की भिरंड म्हणतात, आणि त्याची साल वाळवून जे तयार होते ते सोल किंवा आमसूल. २०१६ साली सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बहुतेक घरांत हे झाड आजही बागेतले मानले जात नाही. आंब्याला खत मिळते, माडाला पाणी मिळते, रतांबा मात्र कुंपणाकडेला आपापला वाढतो आणि वैशाखात फळांनी लाल होतो. पडद्यावर दिसणाऱ्या दोन झाडांपैकी उजवीकडचे फळांनी लगडले आहे, डावीकडचे तितकेच उंच आणि तितकेच डेरेदार असूनही त्यावर एकही फळ नाही. ते नर आहे. कोकमात नर झाडे आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. बी लावून रोप केले तर ते नर निघण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते, आणि फुलोरा येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा-सात वर्षे, ते ओळखता येत नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातिस’ हे वाण निवडून त्यांची कलमे शेतकऱ्यांना उपलब्ध करून दिली, तेव्हापासून ही परीक्षा देण्याची गरज उरलेली नाही. परंतु या दोन झाडांचे बी आजींच्या सासूबाईंनी पेरले होते. सात वर्षे पाणी घालून एक झाड वांझ निघाले म्हणून त्यांनी ते तोडले नाही. त्याच्या फांदीला पाळणा बांधला. आज त्याच फांदीला नातवंडांचा झोपाळा आहे.

(येथे निवेदन थांबते. झोपाळ्याच्या दोराचा आवाज.)

रतांबे एकदम पिकत नाहीत, त्यामुळे झाड आठवड्यातून दोन-तीनदा पाहावे लागते. पहाटे पडलेली फळे मुले वेचतात, वरची काठीला आकडी बांधून फांदी हलकेच वाकवून काढतात, आणि सगळी पाटी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन ओतली की घरातल्या चारही बायका तिच्याभोवती बसतात. फळ धुऊन पुसून विळीवर मधोमध कापले जाते, अंगठ्याच्या एका फिरकीने बियांसह गर खालच्या पातेल्यात पडतो आणि सालीची वाटी सुपात जाते. मुंबईहून पहिल्यांदाच उन्हाळ्यात आलेल्या धाकट्या सुनेची वाटी फाटते आहे. आजी काही बोलत नाहीत, फक्त तिच्यासमोर पिकलेल्यांऐवजी किंचित कडक फळे सारतात, आणि पुढच्या दोन मिनिटांच्या चित्रीकरणात एकही वाटी फाटलेली नाही.

पातेल्यातल्या गरावर मीठ पडले की थोड्याच वेळात त्याला पाणी सुटू लागते. मिठाचे माप विचारले असता आजींनी आपली मूठ दाखवली. मग ती मूठ त्यांच्या मोठ्या नातीने स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून वहीत लिहून ठेवली. आम्हाला ते माप सांगण्यास तिने नकार दिला, आणि तो तिचा हक्क आम्ही मान्य केला. सुटलेला हा गडद, रक्तासारखा लाल रस गाळून बाटलीत भरला तर ते आगळ होते आणि वर्षभर सोलकढीला पुरते. मात्र सगळा रस आगळासाठी काढून घेतला तर सोले फिकी राहतात, कारण त्यांचा रंग, आंबटपणा आणि टिकाऊपणा याच रसातून यायचा असतो.

आता या कामातला मुख्य भाग येतो. पहिल्या दिवशी साली चटईवर पालथ्या-उताण्या करत उन्हात सुकवल्या जातात. संध्याकाळी त्या गोळा करून रसात बुडवल्या जातात, रात्रभर मुरतात, सकाळी निथळून पुन्हा उन्हात जातात. याला पूट देणे म्हणतात. पहिल्या पुटानंतर साल केवळ मऊ आणि गुलाबी असते. दुसऱ्यानंतर ती कडेने वळू लागते. तिसऱ्यानंतर तिच्यावर तेलकट चमक येते. आणि पाचव्या पुटानंतर ती जवळजवळ काळी, लवचीक आणि बोटांना चिकटणारी होते, तेव्हा तिला या घरात सोल म्हणतात, त्याआधी नाही. शेण सारवलेल्या या खळ्यात सोमवारची, बुधवारची आणि शुक्रवारची पाटी शेजारी शेजारी वाळत असल्यामुळे लाल रंगाच्या तीन छटांचे तीन चौकोन वरून दिसतात. हे दृश्य टिपण्यासाठी आम्ही माडावर चढणाऱ्या शेजाऱ्यांच्या हाती कॅमेरा दिला होता, आणि तो थोडा हलतो आहे हे आम्हाला माहीत आहे.

बाजारातली आमसुले दोन पुटांतच पाकिटात भरलेली असू शकतात आणि वजन मिठाने वाढलेले असू शकते. ओळखण्याची रीत आजींनी दाखवली ती अशी : सोल कोमट पाण्यात टाकावे आणि पहिले पाणी ओतून द्यावे, दुसऱ्या पाण्यालाही चांगला रंग आला तर ते पुटाचे. सोलकढीच्या बाबतीत याच्या उलट सावध राहावे लागते. पानात वाढलेली कढी फारच सुंदर गुलाबी दिसली, तर तिथे बिटाने हातभार लावला असण्याची शंका घ्यावी.

दुपारचा स्वयंपाक चुलीवर आणि गॅसवर असा विभागलेला आहे. भाताचे तपेले चुलीवर, फणसाच्या आठळ्या चुलीत, बाकी सारे गॅसवर. तांबडी भाजी कांदा-मिरचीवर परतून वर ओले खोबरे घातले की तयार होते, तिला फार सांगण्यासारखे नाही. सासव, म्हणजे मोहरीच्या वाटणातले आंब्याचे कालवण, मात्र पाहण्यासारखे आहे. गडग्यापलीकडच्या रायवळ आंब्याच्या झाडाच्या लिंबाएवढ्या बिटक्या, म्हणजे लहान आंबे, सोलून, गर न काढता, बाठ्यासकट गुळात टाकल्या जातात. सालींना चिकटलेला रस पाण्यात कोळून तोही आत जातो. ओले खोबरे, सुकी मिरची आणि मोहरी यांचे वाटण शेवटी घालतात. मोहरी पाट्यावर शेवटच्या दोन-चार वळशांतच घ्यायची असते, कारण ती फार वाटली गेली तर सगळे सासव कडवट होते. हापूसचे सासव करण्याचा विचारही या घरात कोणी करत नाही. हापूस पेटीतून गिऱ्हाइकाकडे जातो, बिटकी घरात राहते, आणि जेवणाऱ्यांचे चेहरे पाहिल्यास या वाटणीत तोटा कोणाचा झाला ते दिसते.

(पाट्यावरवंट्याचा आवाज. निवेदन नाही.)

जेवणाआधी एक पान वेगळे वाढले जाते. त्यावर भात, भाजी, सासवातली एक बिटकी आणि झाडावरून त्या दिवशी उतरवलेले पहिले फळ ठेवून आजोबा देवासमोर उभे राहतात आणि गाऱ्हाणे घालतात. गाऱ्हाणे म्हणजे देवाशी मोठ्याने केलेले बोलणे. त्याला छापील पाठ नसतो, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी घरातल्या सर्वांनी होकार भरायचा असतो. “बा देवा म्हाराजा, लेकराबाळांनी ह्या परसात जा काय रुजयला, पिकयला, ता तुझ्या पायाशी ठेवला हा, ता गोड मानून घी आणि सगळ्यांका सुखी ठेव रे म्हाराजा.” “व्हय म्हाराजा!” असा जो कोवळा आवाज सर्वांच्या आधी ऐकू येतो, तो झोपाळ्यावरच्या धाकट्या नातवाचा आहे. हंगामातला पहिला आंबा या घरात अजून कोणी असा न ठेवता खाल्लेला नाही. “पयलो आंबो देवाक, मगे आमका,” एवढेच स्पष्टीकरण आजोबांनी दिले आणि ते हात धुवायला गेले. नंतर ते पान गाईसमोर ठेवले जाते. गाय बिटकी आधी खाते.

रतांब्याच्या बिया अजून बाकी आहेत. रस गाळून उरलेल्या बिया धुऊन खळ्याच्या कडेला वाळत घातलेल्या दिसतात. त्या पूर्ण सुकल्यावर कुटून पाण्यात उकळतात, वर तरंगणारे तेल गार झाले की घट्ट होते आणि मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, म्हणून ते मुठेल. आजी रात्री पडवीत बसून टाचांच्या भेगांना जे चोळत आहेत, ते मागच्या वर्षीचे आहे. मेणासारखा हा पांढरट गोळा हवेत घट्ट राहतो आणि अंगाच्या उबेने विरघळतो. दिव्याजवळ धरलेल्या त्यांच्या बोटांवर ते घडताना दिसते. साल, रस, बी, यांतले काही टाकले जात नाही. उरलेला चोथाही माडाच्या आळ्यात जातो.

पाऊस लवकर आला तर हे सगळे अर्ध्यावर राहते. २०२५ साली मान्सून २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोहोचला होता, आणि झाडावर उरलेली फळे अशा वर्षी मातीतच जातात. घरात वर्षाचे अकरा महिने आजी-आजोबा दोघेच असतात, हेही येथे नोंदवायला हवे.

आमच्या चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ढग भरून आले. सुपे, चटया, पाट्या पाच मिनिटांत पडवीत आल्या आणि त्यांत थोरल्या सुनेने कोणाची मदत मागितली नाही. दुसऱ्या दिवशी चाकरमान्यांना परतायचे होते. आजींनी जुन्या वर्तमानपत्रात सोलांच्या चार पुड्या बांधल्या, आगळाच्या बाटलीच्या बुचावर प्लॅस्टिक गुंडाळून दोरा आवळला, आणि शुक्रवारची पाटी बाजूला घेऊन बोट लावून पाहिली. तिला चारच पुटे बसली होती. ती वेगळ्या पुडीत बांधली गेली, सोबत लहान बाटलीत तिचा रस दिला गेला, आणि पाचवे पूट डोंबिवलीच्या खिडकीतल्या जाळीवर द्यायचे आहे, असे थोरल्या सुनेला दोनदा आणि तिच्या नवऱ्याला एकदा बजावून सांगण्यात आले.