काळ्या थराचे आयुष्य

समोर दिसणाऱ्या काचेच्या छोट्या तुकड्यावर द्रावणाचे काही थेंब सोडले आहेत आणि ती काच मिनिटाला काही हजार फेऱ्यांच्या वेगाने गरगर फिरते आहे. नेमक्या क्षणी वरून दुसऱ्या द्रावकाची धार पडते, मग काच हॉट प्लेटवर जाते, आणि शे-दीडशे अंश सेल्सिअसच्या उष्णतेत तिच्यावरचा फिकट थर बघता बघता गडद तपकिरी, जवळजवळ काळा होतो. सौरघटात सूर्यप्रकाश शोषणारा हा पेरोव्स्काइटचा, म्हणजे शिसे, आयोडाइड आणि एक मोठा धन आयन यांच्या विशिष्ट रचनेच्या स्फटिकाचा, थर जेमतेम अर्धा मायक्रॉन (मिलिमीटरचा दोन हजारावा भाग) जाड आहे. सिलिकॉनच्या सौरघटातील चकती याच्या शेकडो पट जाड असते आणि तिच्यासाठी सिलिकॉन १४०० अंशांहून अधिक तापमानाला वितळवावे लागते.

२००९ साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरोव्स्काइट वापरून सौरघट तयार केला, तेव्हा त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती आणि आतल्या द्रवात तो थर पाहता पाहता विरघळून जात असे. २०१२ मध्ये द्रवाची जागा घन पदार्थाने घेतली. आज प्रयोगशाळेतील घटांनी २६ टक्क्यांचा, तर सिलिकॉनवर पेरोव्स्काइट चढवलेल्या जोडघटांनी ३४ टक्क्यांचा टप्पा ओलांडला आहे.

मात्र हाच काळा थर दमट हवेत उघडा ठेवला, तर त्याच्यावर पिवळे डाग उमटू लागतात. स्फटिकाची रचना मोडून मागे उरलेल्या लेड आयोडाइडचा तो रंग आहे.

हा थर असंख्य सूक्ष्म स्फटिककणांचा बनलेला असतो, आणि खरी गोम या कणांच्या सांध्यांत व थराच्या पृष्ठभागावर आहे. तेथे एखादा आयोडाइड आयन जागेवर नसतो, एखाद्या शिशाच्या अणूचा बंध अपुरा राहतो. प्रकाशाने मोकळा झालेला इलेक्ट्रॉन अशा ठिकाणी अडकतो आणि त्याची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. त्याच रिकाम्या जागांतून आयन सरकत राहतात आणि तेथूनच ओलावा आत शिरतो. म्हणून कार्यक्षमता आणि टिकाऊपणा हे दोन वेगळे प्रश्न मानणे आम्हाला योग्य वाटत नाही. पृष्ठभागावर मोठ्या सेंद्रिय अमोनियम क्षारांचा विरळ लेप दिला, की पुष्कळ दोष बुजतात, विद्युतदाब वाढतो आणि पाण्यालाही अटकाव होतो.

उष्णतेचा उपाय स्फटिकाच्या आतच करावा लागतो. स्फटिकातला धन आयन म्हणून सुरुवातीला वापरलेले मेथिल अमोनियम तापल्यावर उडून जाते. त्याच्या जागी फॉर्मामिडिनियम हा दुसरा सेंद्रिय आयन घेतला, तर सामान्य तापमानाला स्फटिक हळूहळू प्रकाश नीट न शोषणाऱ्या पिवळ्या रूपात जातो. थोडे सिझियम मिसळले, की काळे रूप टिकून राहते.

यानंतर घट दोन काचांमध्ये बंद करून कडा ब्यूटाइल रबराने सांधतात. हे आवरण शिसे बाहेर पडू नये यासाठीही लागते. सौरपटलांच्या प्रस्थापित चाचणीत ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता १००० तास सोसावी लागते. नखाएवढ्या घटाच्या पहिल्या दिवसाच्या विक्रमासोबत या तासांचा हिशेबही मांडला गेलाच पाहिजे.

शिवाय प्रकाशात घट किती टिकतो हे पाहणाऱ्या चाचणीतला दिवा बहुधा अखंड जळतो, तर उघड्यावर रोज रात्र होते. दिवसा सरकलेले आयन अंधारात काही अंशी मागे फिरतात: काही घट सकाळी सावरलेले दिसतात, तर काही या रोजच्या ये-जा करण्यानेच लवकर झिजतात.