लेन्सच्या आधी अंतर ठरवा

नमस्कार. रोजच्या फोटोंसाठी कुठला कॅमेरा घेऊ, कुठली लेन्स घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न विचारतो. तुम्ही ज्यांचे फोटो काढता ती माणसं तुमच्यापासून किती लांब असतात? बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. मेगापिक्सेल किती, झूम किती, हे सगळं पाठ असतं, पण आपण कुठे उभं राहतो हे कुणी मोजलेलं नसतं. लेन्स निवडणं म्हणजे अंतर निवडणं, एवढं एकच मला आज सांगायचं आहे. सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप), अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र), कंपनी हे त्यानंतर बघायचं.

फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा, हा प्रकार व्याख्येतून समजून घ्यायला गेलं तर किचकट वाटतो. पावलांनी मोजला की सोपा होतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असतो. त्यावर ३५ मिमीची लेन्स लावा, कॅमेरा आडवा धरा. तुम्ही जितके लांब उभे असाल, जवळपास तितक्याच रुंदीचं दृश्य फोटोत मावेल. भिंत तीन मीटरवर असेल, तर तिचा साधारण तीन मीटरचा भाग. एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप काढता येतं. त्याच जागेवरून २८ मिमीची लेन्स जवळजवळ चार मीटर घेईल, ५० मिमीची दोन मीटरपेक्षा जरा जास्त आणि ८५ मिमीची जेमतेम सव्वा मीटर.

आता हे घरात लावून बघा. टेबलापलीकडे बसलेला माणूस तुमच्यापासून मीटरभर लांब असतो. ५० मिमीतून तिथे पाऊण मीटरसुद्धा रुंदी मिळत नाही. चेहरा आणि खांदे मावतात, शेजारी बसलेला माणूस बाहेर जातो. मागे सरकावं तर पाठीला भिंत. ‘पहिली लेन्स ५० मिमीचीच घ्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो. लेन्स हलकी, स्वस्त आणि उजळ, म्हणजे जास्त प्रकाश घेणारी असते हे खरंच आहे. पण एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तीच लेन्स ७५ मिमीसारखी वागते. मग खोलीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यातल्याच माणसाचा फोटो निघतो आणि चार महिन्यांत ती लेन्स कपाटात जाते. घरात, स्वयंपाकघरात, प्रवासात डब्यात बसल्या बसल्या फोटो काढणाऱ्याला २८ ते ४० मिमीच्या मधलं काहीतरी हवं असतं. मैदानात पळणाऱ्या मुलांसाठी, किंवा लोकांच्या फार जवळ जायला ज्यांना संकोच वाटतो त्यांच्यासाठी, ५० ते ८५ योग्य. तोही स्वभाव आहे आणि तो लेन्सने मानला पाहिजे.

इथे चेहऱ्यांबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण याबाबत एक समज फार घट्ट बसलेला आहे. वाइड लेन्सने, म्हणजे २८ मिमीसारख्या रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सने चेहरा बिघडतो, नाक मोठं दिसतं, असं म्हणतात. चेहरा बदलतो तो अंतरामुळे. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत दहा-बारा सेंटिमीटर असतात असं धरू. तुम्ही अर्ध्या मीटरवरून फोटो काढलात, तर कानापेक्षा नाक पाचव्या हिश्श्याने तुमच्या जवळ आहे आणि त्या प्रमाणात ते मोठं दिसणारच. दोन मीटरवर जाऊन उभे राहा, हाच फरक पाच-सहा टक्क्यांवर येतो आणि चेहरा ओळखीचा दिसतो. दोन मीटरवरून २८ मिमीने काढलेला फोटो कापून चेहऱ्यापुरता केला, तर नाकाकानाचं प्रमाण ८५ मिमीच्या फोटोसारखंच राहतं. वाइड लेन्स हातात आली की फ्रेम भरण्यासाठी आपण पुढे सरकतो, म्हणून तिच्यावर आळ येतो.

एकाच लेन्सवर वर्षानुवर्षं काम करणं ही जुनी रीत आहे. जर्मन अभियंते ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी चालवून २४ बाय ३६ मिमीची चौकट घेणारा छोटा कॅमेरा बनवला. १९२५ मध्ये तो लायका म्हणून बाजारात आला, तेव्हा त्याला ५० मिमीची लेन्स कायमची जोडलेली होती. ती बदलता येत नसे. १९७९ चा ऑलिंपस एक्सए ३५ मिमी लेन्स घेऊन खिशात मावायचा. १९९६ च्या रिको जीआर१ मध्ये २८ मिमीची लेन्स होती. यांतल्या प्रत्येकाने वापरणाऱ्याला एक अंतर नेमून दिलं. काही आठवड्यांत त्या माणसाला कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच चौकट दिसायला लागते. झूम वापरणाऱ्याला हे सहसा साधत नाही, कारण दर वेळी चौकट वेगळी असते.

झूमला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण तिच्यात प्रकाशाचा प्रश्न आहे. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). ५० मिमी एफ/१.८ लेन्स तिच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते. संध्याकाळी दिव्याखाली किट लेन्सला सेकंदाचा दहावा भाग लागत असेल, तर हिला शंभरावा पुरतो. सेकंदाच्या दहाव्या भागात हसणारं मूल हललेलं असतं. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं, मुलाची हालचाल थांबवत नाही. घरातल्या फोटोंसाठी एफ/२ किंवा त्याहून उजळ लेन्स हवी असं मी आग्रहाने सांगतो, ते यासाठी.

आता कॉम्पॅक्ट, म्हणजे लेन्स न निघणारे छोटे कॅमेरे. फोन असताना यांची गरज काय, हा प्रश्न रास्त आहे. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४-२६ मिमीइतकं दृश्य घेतो आणि भर उजेडात छान काम करतो. म्हणून करंगळीच्या नखापेक्षाही लहान सेन्सर असलेला, तीसपट झूमचा कॉम्पॅक्ट आज फक्त लांबचे पक्षी टिपायला उपयोगी, बाकी त्यात पैसे घालू नका. त्याचा सेन्सर जेमतेम सहा मिमी रुंद असतो. एक इंची म्हणवणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळात त्याच्या चौपट. एपीएस-सी सेन्सर तेरापट. संध्याकाळच्या फोटोत नॉइज (दाणेदारपणा) कमी-जास्त दिसण्याचं मोठं कारण हे आहे.

एक इंची सेन्सर आणि झूम खिशात बसवण्याची वाट सोनीच्या आरएक्स१०० ने २०१२ मध्ये मोठी केली. त्या पहिल्या मॉडेलची लेन्स, फुल फ्रेमच्या हिशोबात, २८ मिमीला एफ/१.८ होती, पण १०० मिमीला पोचेपर्यंत एफ/४.९. झूम केलं की उजेड गेला. प्रवासात सगळं थोडं थोडं हवं असेल तर हा प्रकार ठीक.

माझं मत मात्र एपीएस-सी सेन्सर आणि एकच लेन्स असलेल्या कॅमेऱ्यांकडे झुकतं. २०१९ चा रिको जीआर III बॅटरीसकट अडीचशे ग्रॅमच्या आसपास आहे, शर्टाच्या खिशात जातो आणि २८ मिमीचं दृश्य देतो. २०२१ चा जीआर IIIएक्स ४० मिमीचं. त्यांच्यात स्नॅप फोकस नावाची सोय आहे. २८ वाल्यावर अंतर दोन मीटर आणि अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवलं, तर मीटरभरापासून पार लांबपर्यंत बहुतेक सगळं स्पष्ट येतं, कॅमेऱ्याला फोकस शोधत बसावं लागत नाही. त्रुटीही आहेत. व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, त्यामुळे उन्हात पडदा नीट दिसत नाही, आणि बॅटरी लवकर संपते, तेव्हा जादा बॅटरी जवळ हवीच. फुजीफिल्मची एक्स१०० मालिका २०११ पासून ३५ मिमीचं दृश्य आणि एफ/२ लेन्स देते, डोळा लावायला उत्तम व्ह्यूफाइंडर आहे, शटर अगदी हळू वाजतो. पण २०२४ चा एक्स१००VI अर्ध्या किलोच्या वर जातो. तो खांद्यावर वागवावा लागतो. खांद्यावर कॅमेरा घेऊन भाजी आणायला जाणार असाल तर जरूर घ्या.

२८, ३५ की ४० हे ठरत नसेल, तर नवीन काही घेण्याआधी जुने फोटो उघडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ लिहिलेली असते. जपून ठेवलेले, कुणाला पाठवलेले फोटो तेवढे बघा. ते कुठल्या आकड्याभोवती जमतात ते दिसेल. फोनचेच फोटो असतील तर तुम्ही ते कापता का ते पाहा. दर वेळी कडा कापून माणूस मोठा करत असाल तर तुम्हाला ४० किंवा ५० हवी आहे. १८-५५ लेन्स असेल तर तिची रिंग २४ मिमीवर चिकटपट्टीने बांधून टाका. एपीएस-सी वर तो जवळपास ३५ मिमीचा कोन होतो. पंधरा दिवस पट्टी काढू नका. या काळात सारखं मागे सरकावंसं वाटतं की पुढे, यावर लक्ष ठेवा.

वापरलेला कॉम्पॅक्ट घेणार असाल तर एक तपासणी सोडू नका. पुढून लेन्समध्ये विजेरी मारून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का बघा. ती बुरशी असते. मग अ‍ॅपर्चर होईल तितकं लहान करून कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो काढा आणि मोठा करून पाहा. आतबाहेर होणारी लेन्स हवेबरोबर धूळ ओढते आणि ती सेन्सरवर बसली की करडे डाग येतात. लेन्स निघणाऱ्या कॅमेऱ्यात ते आपल्याला साफ करता येतात, कॉम्पॅक्टमध्ये सगळं उघडल्याशिवाय सेन्सरपर्यंत हात पोचत नाही. डाग दिसले तर दुरुस्तीचा खर्च विचारूनच भाव करा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.