निळ्या जाकिटाच्या आतला ससा

(पाण्याचा आवाज. थोडं थांबून निवेदन सुरू.)

ही टे नदी. स्कॉटलंडमधलं डंकेल्ड गाव. पानं अजून हिरवीच आहेत पण सकाळचं फिरायचं तर हात खिशातच ठेवावे लागतात. लंडनची पॉटर नावाची श्रीमंत फॅमिली उन्हाळ्यात दोन-तीन महिने सगळं बिऱ्हाड घेऊन स्कॉटलंडकडे यायची, आणि १८९३ साली ती इथेच, नदीकाठच्या ईस्टवूड नावाच्या भाड्याच्या घरात उतरली होती. थोरली मुलगी बिॲट्रिक्स. वय २७, लग्न झालेलं नाही, शाळेचं तोंड कधी बघितलेलं नाही, घरीच शिकलेली. आणि चित्रं काढायची. वेळ मिळाला की काढायची असं नाही, सारखीच काढायची.

४ सप्टेंबरला तिने एक पत्र लिहिलं. पूर्वी तिला घरी येऊन शिकवणाऱ्या ॲनी बाईंचं लग्न होऊन त्या आता मिसेस मूर झाल्या होत्या, त्यांचा थोरला मुलगा नोएल, पाच वर्षांचा, आजारी पडून अंथरुणात होता. त्याला पत्र. सुरुवातच अशी की तुला काय लिहू ते काही सुचत नाहीये, म्हणून चार छोट्या सशांची गोष्ट सांगते. फ्लॉप्सी, मॉप्सी, कॉटनटेल आणि पीटर.

हे बघा, ही त्या पत्राची प्रतिकृती. आठ पानं. अक्षरांच्या मधेमधे चित्रं, नुसत्या शाईच्या रेघा, रंग नाही, पेन्सिलीचं शेडिंग नाही. पण ससा बघा. कान नुसते लांब काढून ठेवलेले नाहीत, ते मुळापासून वळतायत. पाठ कशी गोल होऊन मागच्या पायांवर बसते ते बघा. पळणारा पीटर बघा, पत्र पाठवायच्या घाईत काढलेला आहे तरी त्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते कळतं.

सगळीकडे असंच सांगितलं जातं की एका आजारी मुलाला पत्र लिहिलं आणि पीटर रॅबिट, म्हणजे तिच्या मुलांच्या पुस्तकातला तो निळ्या जाकिटातला ससा, जन्माला आला. गोष्ट गोड आहे, खोटीही नाही. पण असा ससा एका दुपारी कागदावर येत नाही हो. त्याच्या मागे पंधरा-वीस वर्षांचं बघणं आहे, आणि आम्हाला ते बघणं दाखवायचंय.

पत्राच्या आदल्या दिवशीपासूनच सुरू करू. ३ सप्टेंबर १८९३. त्या दिवशी ती ईस्टवूडच्या आवारात बसून एक अळंबी रंगवत होती. आपल्याकडे पावसाळ्यात जिला कुत्र्याची छत्री म्हणतात तशातली, पण ही काळपट, खवल्याखवल्यांची टोपी असलेली, इंग्रजीत हिला जंगलातला म्हातारा म्हणतात. स्कॉटलंडात सहसा सापडत नाही. म्हणजे एका दिवशी बुरशीचा एकेक खवला मोजून रंगवणारी बाई दुसऱ्या दिवशी सशाला जाकीट घालते, आणि आम्हाला तरी ही दोन वेगळी कामं वाटत नाहीत.

इथल्या अळंब्यांचं वेड तिला एकटीला नव्हतं. चार्ल्स मॅकिंटॉश नावाचे इथले पोस्टमन होते, वर्षानुवर्षं रोज मैलोन्मैल पायी टपाल वाटलेलं, तरुणपणी लाकूड कापायच्या गिरणीत एका हाताची बोटं गेलेली, आणि चालता चालता या भागातलं शेवाळं, नेचे, अळंब्या सगळं पाठ झालेलं. बिॲट्रिक्स त्यांना १८९२ मध्ये भेटली. मग हिवाळ्यात ते डंकेल्डहून पोस्टाने अळंब्या पाठवायचे, ती लंडनला त्या रंगवायची आणि एक चित्र त्यांना परत पाठवायची. ते तिला सांगायचे की नुसती वरून दिसते तशी काढू नका, उभी कापून आतलंही दाखवा, खालच्या पडद्या देठाला कशा चिकटतात ते दाखवा. एका पोस्टमनने दिलेला हा धडा. तिने तो किती मनावर घेतला ते पुढच्या चित्रांत दिसतंच, मी थोडा वेळ गप्प बसतो, तुम्ही बघा.

(अळंब्यांची चित्रं. निवेदन नाही.)

आता लंडन. केन्झिंग्टनमधल्या बोल्टन गार्डन्सच्या घरात तिसऱ्या मजल्यावर मुलांची अभ्यासाची खोली, तिथे ती आणि धाकटा भाऊ बर्ट्रम. आईवडील खाली, वर नोकरमाणसं, आणि या दोघांनी त्या खोलीत काय काय पाळलं होतं, तर ससे, उंदीर, बेडूक, पाली, साप, साळिंदराचा छोटा भाऊ शोभेल असा काटेरी हेजहॉग, आणि एक वटवाघूळ. जिवंत असेपर्यंत त्यांची चित्रं काढायची. मेलं की पाण्यात उकळून मांस सोडवून सांगाडा वेगळा करायचा आणि मग त्या हाडांची चित्रं काढायची. ऐकायला कसंतरी वाटतं, मलाही वाटलं. पण सशाचं कातडं, सशाचे स्नायू, सशाची हाडं हे सगळं हाताखालून गेलेल्या मुलीने पुढे सशाला कपडे घातले, हे विसरून चालणार नाही.

तिला चित्रकला कुणी शिकवलीच नाही असं नाही, घरी बाई येत होत्या, पुढे थोडे दिवस ऑइल पेंटिंगचा क्लासही झाला. पण कुठल्या आर्ट स्कूलमध्ये ती गेली नाही, आणि दुसऱ्याच्या पद्धतीने काढायचं तिला जमत नसे. माणसं तर नाहीच जमायची. पीटर ज्याच्या बागेत शिरतो तो पुस्तकातला म्हातारा मॅकग्रेगर बघा, तो थोडा अवघडलेलाच आहे. ससा मात्र कुठूनही बघा.

पहिला ससा बेंजामिन बाउन्सर. लंडनच्या पक्षीविक्याकडून कागदी पिशवीत घालून गुपचूप घरी आणलेला. बटर लावलेला गरम टोस्ट त्याला भारी आवडायचा. चामड्याचा पट्टा लावून ती त्याला कुत्र्यासारखी फिरायला न्यायची. १८९० मध्ये त्याला मॉडेल करून तिने शुभेच्छापत्रांची चित्रं काढली आणि एका कंपनीने ती ६ पौंडांना घेतली, आयुष्यातली पहिली कमाई. त्या आनंदात तिने बेंजामिनला कपभर भांगेच्या बिया खायला घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र काढायला बसली तर ससा तर्र, जागेवर थांबेना. हे तिने स्वतःच डायरीत लिहून ठेवलंय, ती डायरी सांकेतिक लिपीत होती आणि ती वाचायची किल्ली १९५८ मध्ये सापडली.

दुसरा ससा पीटर पायपर. साडेचार शिलिंगला घेतला, तिच्या मते फारच महाग. हा शेकोटीसमोर मांजरासारखा पसरायचा, रिंगणातून उडी मारायचा, घंटी वाजवायचा. पत्रातल्या पीटरला नाव याचंच मिळालं.

आता हे स्केच. एकाच कागदावर त्याच सशाचं डोकं पुन्हा पुन्हा, समोरून, बाजूने, मान वळवून, झोपेत. डोळा चेहऱ्याच्या बाजूला आहे, आपल्यासारखा समोर नाही. कानाच्या आत पातळ कातडीतून शिरा दिसतायत.

आपल्याकडे मुलांना ससा काढायला सांगितला की दोन गोल, दोन लांब कान, कापसाची शेपटी. निसर्गचित्र म्हटलं की दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि झोपडी. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेल्या आम्ही सगळ्यांनी तेच काढलं, कारण फळ्यावर तेच होतं. कुणीतरी एकदा ससा आणून टेबलावर ठेवायला हवा होता.

आणि आता जाकीट. पुस्तकातला पीटर निळं जाकीट घालून दोन पायांवर उभा आहे. खरा ससासुद्धा कानोसा घ्यायला मागच्या पायांवर असाच उभा राहतो, म्हणून ते खोटं वाटत नाही. मग मॅकग्रेगर मागे लागतो, पीटर गूजबेरीच्या फळझुडपांवर टाकलेल्या जाळ्यात अडकतो, कशामुळे, तर जाकिटाच्या मोठ्या पितळी बटणांमुळे. जाकीट सोडून तो सुटतो. आणि जाकीट गेल्यावरचा पीटर बघा! चार पायांवर, अंग जमिनीशी लावलेलं, नुसता घाबरलेला ससा. कपडे होते तोवर खोडकर पोरगा, कपडे गेले की रानातलं जनावर. प्राण्याला माणूस करायचं म्हणजे काय, हे मला तरी या दोन चित्रांइतकं कुणी दाखवलेलं नाही. मुलांना ते समजावून सांगावंही लागत नाही.

पुढचं लवकर सांगतो. नोएलने पत्र जपून ठेवलं होतं, सात-आठ वर्षांनी तिने ते परत मागून घेतलं, गोष्ट वाढवली, पब्लिशर्सकडे पाठवली, निदान सहा जणांनी नाही म्हटलं. तिला छोट्या हातात मावेल असं स्वस्त पुस्तक हवं होतं आणि त्यावर ती अडून बसली. शेवटी डिसेंबर १९०१ मध्ये स्वतःच्या पैशांनी २५० प्रती छापल्या. ऑक्टोबर १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीने रंगीत पुस्तक काढलं आणि ते हातोहात गेलं. १९०३ मध्ये तिने पीटरच्या बाहुलीचं पेटंटही घेतलं. त्याआधी अळंब्यांवरचा तिचा पेपर १८९७ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गशास्त्राच्या संस्थेत वाचला गेला, पण तो दुसऱ्याने वाचला, कारण तिथे बायकांना प्रवेश नव्हता.

खरा पीटर पायपर, तो शेकोटीसमोर पसरणारा, जानेवारी १९०१ मध्ये गेला. नऊ वर्षांचा होता. पुस्तक त्याने बघितलं नाही.

(हिल टॉपची खिडकी. बाहेर पाऊस. निवेदन नाही.)

हे इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट भागातलं नियर सॉरी गाव आणि हे तिचं हिल टॉप नावाचं शेतघर, १९०५ मध्ये पुस्तकांच्या पैशांतून घेतलेलं. पुढे ती इथली मेंढपाळ शेतकरीण झाली, १९४३ मध्ये गेली तेव्हा ४,००० एकरांवर जमीन नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन गेली. अळंब्यांची चित्रं जवळच ॲम्बलसाइडच्या आर्मिट म्युझियममध्ये आहेत. १९६७ मध्ये अळंब्या ओळखायच्या एका पुस्तकात त्यातली ५९ चित्रं छापली गेली.

शेवटचा शॉट ठरवून घेतलेला नाही. संध्याकाळी कॅमेरा आवरत होतो, तेवढ्यात कुंपणाखालून हा बाहेर आला. आधी मागच्या पायांवर उभा राहिला, आमच्याकडे बघितलं, मग खाली बसून गवत खायला लागला. पुढचे पाय जमिनीवर, पाठ गोल. आम्ही झूम केलेला नाही, जवळ गेलो असतो तर पळाला असता.