भरलेली बादली आणि टाचेवरची कंडरा

भरलेली बादली हात पुढे करून नुसती धरून ठेवा. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने आपण तिच्यावर काहीच कार्य करत नाही, कारण ती जागची हलत नाही. पण थोड्याच वेळात खांदा भरून येतो आणि हात थरथरू लागतो. स्नायूच्या तंतूत मायोसिन नावाच्या प्रथिनाची सूक्ष्म डोकी शेजारच्या अ‍ॅक्टिनच्या धाग्याला धरतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा धरतात, आणि अशा प्रत्येक फेरीला एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा एक रेणू खर्ची पडतो. दाराला कडी घातली की दार बंद राहते. आपल्या हातापायांच्या स्नायूंना तशी कडी नाही. म्हणून स्नायू नुसत्या कार्याची नव्हे, तर ताण धरून ठेवण्याचीही किंमत मोजतो, आणि आजचे माझे सारे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे.

आखडत ताण देणे हे त्याहून महाग. ७० किलो वजनाचा माणूस ६०० मीटर उंच चढला, म्हणजे साधारण सिंहगडाचा चढ, तर वजन वर नेण्याचे कार्य सुमारे १०० किलोकॅलरी भरते. परंतु स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम २५ टक्के असल्यामुळे खर्च ४०० च्या घरात जातो आणि उरलेली ऊर्जा उष्णता होऊन घामावाटे बाहेर पडते.

उतरताना चित्र पालटते. मांडीचा स्नायू ताण देत देतच लांबत जातो आणि हा प्रकार आश्चर्य वाटावे इतका स्वस्त आहे. १९५२ साली अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पायडल मारायचे, दुसऱ्याने ते रोखून धरायचे. दोघांचा जोर सारखाच, पण रोखणाऱ्याला लागणारा प्राणवायू कितीतरी कमी होता. मात्र ही स्वस्ताई फसवी आहे: लांबताना थोडेच तंतू मोठा भार पेलतात, त्यांना सूक्ष्म इजा होते, आणि गड उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलू लागतात.

आता धावण्याकडे येऊ. १९६० च्या दशकात इटलीत काव्हान्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धावण्यातले कार्य आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा यांचा मेळ घालून पाहिला, तेव्हा कार्यक्षमता ४० टक्क्यांच्याही वर दिसली. स्नायूला तर एवढी जमत नाही. मग उरलेले कार्य करतो कोण?

ते करते कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी. टाचेच्या मागे, घोट्याच्या वर दोन बोटांत धरून पाहा. पोटरीपासून टाचेपर्यंत उतरलेली ती टणक दोरी म्हणजे अकिलीस कंडरा. पाऊल टेकताच ती काही टक्क्यांनी ताणली जाते आणि पाऊल सुटताना साठवलेल्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांहून अधिक परत देते. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार मध्यम वेगाने धावणाऱ्या ७० किलोच्या माणसाच्या प्रत्येक पावलात सुमारे १०० ज्यूल ऊर्जेची उलाढाल होते. त्यातले ३५ ज्यूल ही कंडरा साठवते आणि १७ ज्यूल तळपायाची कमान. त्या वेळी पोटरीचा स्नायू फारसा लांब-आखूड न होता दोरीचे वरचे टोक घट्ट धरून असतो. बादली धरणाऱ्या हाताचेच हे काम. फुकट नाही, पण स्वतः आखडत शरीर उचलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त.

घरी गेल्यावर जागच्या जागी, आपल्याला सोयीच्या लयीत वीस उड्या मारा. मग थोडा दम खाऊन पुन्हा वीस मारा, पण या वेळी दर उडीच्या तळाशी, गुडघे वाकलेले असताना, क्षणभर थांबा. दुसऱ्या खेपेला पाय लवकर भरून येतील, कारण त्या थांबण्यात कंडरेचा ताण सैल पडतो, तिची ऊर्जा स्नायूतच उष्णता होऊन विरते आणि पुढची उडी स्नायूला पदरमोड करून मारावी लागते.