निळ्या शाया एकाच चित्रात

श्रोतेहो, नमस्कार.

फाउंटन पेनाचा नाद लागला की निळ्या शायांच्या बाटल्या जमत जातात. बाहेरच्या माणसाला त्या सगळ्या सारख्याच वाटतात, आणि त्यात त्याची काही चूक नाही. बाटलीत प्रत्येक गडद शाई काळपटच दिसते. एकेक रेघ ओढून पाहिली तरी फार उमगत नाही. माझं ठाम मत आहे, की दोन जवळच्या शायांतला फरक पाहायचा असेल, तर दोन्हींनी एकच चित्र काढावं.

चित्र साधं घ्या. झाडाचं एखादं पान चालेल. शिरांसाठी बारीक रेघा, सावलीसाठी आडव्या-उभ्या रेघांची जाळी, आणि उरलेला भाग ओल्या ब्रशने पसरवलेला. कागद एकच हवा, निबही एकच. दर वेळी पेन भरत बसण्यापेक्षा टाक बुडवून काढावं आणि मध्ये तो स्वच्छ धुऊन पुसावा. निब जास्त शाई सोडणारी असेल, तर तीच शाई गडद दिसते आणि आपण दोष रंगाला देतो.

खरी गंमत पाण्याने सुरू होते. पायलट या जपानी कंपनीच्या इरोशिझुकु मालिकेतल्या शिन-काई आणि त्सुकी-यो या दोन शाया घ्या. रेघेत दोन्ही गडद निळ्या. ब्रश फिरवला, की शिन-काई राखाडीकडे झुकते आणि त्सुकी-योमधून हिरवट झाक वर येते. शाईत बहुधा एकाहून अधिक रंगद्रव्यं मिसळलेली असतात. त्यातलं एखादं कागदाला धरून राहतं, दुसरं पाण्याबरोबर पुढे सरकतं. पार्करच्या काळ्या क्विंकवर पाणी सोडून पाहा, त्या काळ्यातून निळा आणि पिवळसर तपकिरी असे रंग सुटे होतात. चित्रकारांना ही शाई आवडते ती याचसाठी.

निळ्या-काळ्या शायांत तर फरक मुळातच असू शकतो. काही शाया लोहाचे क्षार आणि टॅनिन, म्हणजे वनस्पतींतलं तुरट द्रव्य, यांपासून बनतात. पेलिकन कंपनीची ४००१ ब्लू-ब्लॅक ही शाई या जातीची. लिहिताना दिसतो तो निळा रंग वेगळा मिसळलेला असतो, आणि लोहाचा भाग हवेतल्या ऑक्सिजनमुळे हळूहळू काळवंडतो. त्यावर पाणी फिरवलं तर निळं वाहून जातं, पण काळसर रेघ जागच्या जागी राहते. नुसत्या पाण्यात विरघळणाऱ्या रंगांची निळी-काळी शाई शेजारी असेल, तर तिची जाळी विरून डाग होतो. म्हणून निकाल लगेच देऊ नका. चित्र दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा, एकदा दिव्याखाली आणि एकदा खिडकीपाशी. दिव्याखाली जुळलेल्या दोन शाया दिवसाउजेडी वेगळ्या निघतात, असं पुष्कळदा होतं.

शाईची नावं कागदाच्या मागे लिहावीत. नाव डोळ्यांसमोर असलं, की नजर आधीच बाजू घेते.

एक सूचना मात्र आवर्जून देते. चित्रकलेची लाखयुक्त इंडियन इंक फाउंटन पेनात कधीही भरू नका, ती आत वाळून पेन तुंबवते. टाकाने खुशाल वापरा.

आणि चित्र भिंतीवर लावायचं असेल, तर आणखी एक चाचणी करा. पानाचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून कागद काही आठवडे उन्हात ठेवा. पुठ्ठा काढल्यावर कोणती निळी टिकली आणि कोणती फिकटली, ते तिथंच दिसेल.