राउटरची रांग आणि फझी लॉजिक

ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातलं बर्कली. वर टेकडीवर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा, खाली विद्यापीठ. दोहोंत अंतर जेमतेम चारशे यार्डांचं. पण त्यांच्यातला डेटाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून घसरला तो थेट ४० बिटांवर. तारा शाबूत होत्या, यंत्रं चालू होती. तुंबल्या होत्या त्या मधल्या राउटरांतल्या, म्हणजे डेटाला पुढची वाट दाखवणाऱ्या यंत्रांतल्या, रांगा. पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, पोचलं नाही की कॉम्प्युटर तेच पुन्हा पाठवायचे, आणि रांग आणखी फुगायची.

प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये तोड मांडली: पॅकेट हरवलं की पाठवणाऱ्याने हात आखडता घ्यायचा. पण रांग काठोकाठ भरली की अनेकांची पॅकेटं एकदमच गळतात. सगळे एकदम थबकतात, पुन्हा एकदम सुटतात. म्हणून १९९३ मध्ये सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी ‘रेड’ (रँडम अर्ली डिटेक्शन) हे तंत्र आणलं. रांग भरण्याआधीच राउटर अधूनमधून एखादं पॅकेट टाकून देतो. पाठवणाऱ्याला तोच इशारा. मात्र इशारा कधी सुरू करायचा, किती वाढवायचा, हे आकडे माणसाने बसवायचे. आणि एका रहदारीला मानवलेले आकडे दुसरीला मानवतीलच असं नाही.

गंमत अशी, की वेगळी वाट त्याच बर्कलीत आधीच निघाली होती. तिथले प्राध्यापक लॉत्फी झादे यांनी १९६५ मध्येच फझी, म्हणजे धूसर सीमांच्या, संचांची कल्पना मांडली होती. ‘लांब’ आणि ‘लांब नाही’ यांच्यामध्ये रेघ मारायचीच कशाला? रांग थोडी लांब असू शकते, बरीच लांबही, आणि एकाच वेळी दोन्ही.

आता राउटरच्या आत डोकावू. समजा, शंभर पॅकेटांच्या जागेत ६२ उभी आहेत. हीच कल्पना वापरणारा फझी नियंत्रक म्हणतो: ही रांग ‘थोडी लांब’ ०.६, ‘बरीच लांब’ ०.४. पहिला नियम सांगतो, दोन टक्के पॅकेटं टाका. दुसरा सांगतो, दहा टक्के. दोघांचंही वजनाप्रमाणे ऐकलं तर उत्तर येतं ५.२ टक्के. रांग वाढतेय की ओसरतेय, हेही नियमांत धरलं जातं. तीच ६२ पॅकेटं ओसरत्या रांगेत असतील, तर राउटर सबुरीने घेतो. सायप्रस विद्यापीठातल्या संशोधकांनी याच धर्तीवर, पॅकेट न टाकता त्यावर नुसती खूण करणारी पद्धत मांडली.

कागदावर आणि सिम्युलेशनमध्ये हे छान जमतं. पण ‘थोडी लांब’ कुठे सुरू होते, हे शेवटी कोणीतरी ठरवावंच लागतं. रेडची डोकेदुखी इथे रूप बदलून येते. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी ‘कोडेल’ हे नवं तंत्र आणलं, त्यात लांबी मोजणंच सोडून दिलं. पॅकेट रांगेत किती वेळ ताटकळलं, एवढंच ते पाहतं. लक्ष्य ५ मिलिसेकंदांचं. त्याच वर्षी ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये दाखल झालं.